खेळू या का? : हीरोक्वेस्टवरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात हीरोक्वेस्ट या पटावरच्या खेळाबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं आणि त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी पटकन सांगते. खेळ 1989 मधला, मिल्टन ब्रॅडली आणि गेम्स वर्कशॉप या दोन कंपन्यांनी मिळून काढलेला, रचलाय स्टीफन बेकर यांनी. मधे कितीतरी वर्षं तो बाजारातून गायब होता, मग 2020 मधे हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने आधी चाहत्यांकडून पैसे जमवले आणि 2021 मधे अॅव्हलॉन हिल या आपल्या ब्रँडच्या नावाने तो परत आणला. एक पट आहे, त्यावर खोल्या आणि बोळ. चार हीरो, म्हणजे बार्बेरियन (रानटी योद्धा), ड्वार्फ (बुटका लढवय्या), एल्फ (थोडी जादू येणारा लढवय्या) आणि विझर्ड (जादूगार). आणि पाचवा भिडू होतो झार्गॉन, दुष्ट जादूगार, सगळे राक्षस तो हलवतो आणि नकाशाही फक्त त्यालाच दिसतो. पुस्तकात 14 मोहिमा आहेत, एका बैठकीत एक होते, आणि एका मोहिमेत मिळालेलं सोनं नि हत्यारं पुढच्या मोहिमेत तुमच्यासोबत येतात. आमच्याकडे गेली तीन वर्षं रविवारी भाचरं जमतात आणि हाच डाव मांडला जातो, त्यामुळे खाली जे लिहितेय ते खेळून बघितलेलं आहे.

प्रश्न : माझ्या भावाने अमेरिकेतून येताना लेकासाठी (वय 10) हा खेळ आणला. मी झार्गॉन झाले, लेक, त्याची ताई आणि त्याचा मित्र असे तिघं हीरो. पहिल्याच मोहिमेत तिघंही मेले आणि लेक रडायलाच लागला. डब्यावर 14 वर्षं लिहिलंय ते खरंच मनावर घ्यायचं का? का मी काही चुकवलं? – एक आई, ठाणे

ताई, तुम्ही नियमात काही चुकवलेलं दिसत नाही, पण तिघंच हीरो घेतलेत तिथे गणित बिघडलं. ही पहिली मोहीम मुळातच चार जणांसाठी बेतलेली आहे आणि ती सोपी नाही, सुरुवातीला जो मजकूर वाचून दाखवायचा असतो त्यातच सांगितलंय की एकत्र राहिलात तरच वाचाल. भिडू कमी असले तर एकाने दोन हीरो सांभाळायचे, नियमात बसतं हे. तुमच्या घरात ताई मोठी असेल तर तिच्याकडे दोन द्या.

वयाचं म्हणाल तर 10 वर्षांचा मुलगा आरामात खेळतो, माझा सगळ्यात धाकटा भाचा नऊचा होता तेव्हा बसला. आधी आम्ही त्याला लिंबूटिंबू धरणार होतो, पण त्याने पहिल्याच दिवशी ड्वार्फ उचलला आणि आजतागायत सोडलेला नाही. अडचण येते ती इंग्रजी कार्डांची, त्यावर खाली सांगतेच.

आता मरायचं कारण. त्या मोहिमेत व्हेराग नावाचा एक गार्गॉइल (पंखवाला राक्षस) आहे, तो चार फाशांनी मारतो आणि पाच फाशांनी बचाव करतो, आणि त्याच्या अंगात तीन जीव आहेत. लढाईच्या फाशावर सहा बाजू, तीन कवट्या, दोन पांढऱ्या ढाली, एक काळी ढाल. मारणाऱ्याने कवट्या मोजायच्या, हीरोने पांढऱ्या ढालींनी वाचायचं, राक्षसाने काळ्या ढालीने. म्हणजे हीरोला प्रत्येक फाशात वाचायची संधी तीनात एक आणि राक्षसाला सहात एक, खेळाचा तोल हीरोंच्या बाजूने झुकलाय तो असा. पण गार्गॉइलचे चार फासे पडले की सरासरी दोन कवट्या येतात आणि विझर्डच्या अंगात जीवच चार, दोन घाव खाल्ले की संपला. मुलं काय करतात, चौघं चार दिशांना पळतात, प्रत्येकाला आपलं दार आपणच उघडायचं असतं, आणि मग एकटा विझर्ड भलत्या खोलीत सापडतो. पुढच्या वेळी त्यांना सांगा की दारातून आधी बार्बेरियन, मागे ड्वार्फ, विझर्ड कायम शेवटी. आणि मंत्र वाटताना नीट बघा. मंत्र चार प्रकारचे, अग्नी, पाणी, पृथ्वी, वारा, प्रत्येकात तीन. विझर्ड एक गट घेतो, मग एल्फ एक उचलतो, उरलेले दोन परत विझर्डकडे. एल्फने पाणी किंवा पृथ्वी घेतली तर जखम भरणारा मंत्र दोघांकडे एकेक राहतो, आणि जीव शून्यावर आला तरी त्याच क्षणी औषध किंवा तो मंत्र वापरून माणूस वाचवता येतो. अग्नीत धैर्याचा एक मंत्र आहे, तो ज्याच्यावर टाकाल त्याला पुढच्या हल्ल्याला दोन फासे जास्त मिळतात. तो बार्बेरियनवर टाकून त्याला व्हेरागसमोर उभा करा, तीनाचे पाच फासे होतात, सरासरी अडीच कवट्या पडतात, त्यातली एखादी तो अडवेल, पण दोन-तीन घावांत काम होतं.

आणि लेकाला सांगा की पहिल्या मोहिमेत मेलं तर फार काही जात नाही, अजून कमावलेलंच काय असतं. परत तीच मोहीम मांडा, आता त्याला माहितीय आत काय आहे ते, आणि या वेळी तोच तुम्हाला वाट दाखवेल.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, आमचा ग्रुप हॉस्टेलवर डंजन्स अँड ड्रॅगन्स (एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो. हीरोक्वेस्ट ट्राय केला पण यात लेव्हलच नाहीये! बार्बेरियन पहिल्या दिवशी आठ जीवाचा, चौदाव्या मोहिमेत पण आठच. मग कॅरेक्टर डेव्हलपमेंट कुठेय यात? – एक वाचक, पुणे

प्रश्न एकदम रास्त आहे. लेव्हल चढत जायची, म्हणजे खेळाल तशी पात्राची ताकद वाढत जायची कल्पनाच मुळात तुम्ही खेळता त्या खेळातून आली, 1974 मधे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला तेव्हापासून, आणि नंतरच्या बहुतेक सगळ्यांनी ती उचलली. हीरोक्वेस्टने नाही उचलली. इथे शरीर (म्हणजे जीव) आणि मन यांचे आकडे ठरलेले, बार्बेरियन आठ आणि दोन, ड्वार्फ सात आणि तीन, एल्फ सहा आणि चार, विझर्ड चार आणि सहा, बेरीज सगळ्यांची दहाच आणि ती शेवटपर्यंत दहाच राहते. बदलतं काय तर तुमच्याकडे काय आहे ते. ड्वार्फ सुरुवातीला आखूड तलवार घेऊन येतो, दोन फासे. 250 सोनं जमलं की रुंद तलवार, तीन फासे. 450 ची मोठी कुऱ्हाड घेतली तर चार फासे पण मग ढाल धरता येत नाही. शिरस्त्राण 125, ढाल 150. सगळ्यात जाड पत्र्याचं चिलखत 850 ला आहे, बचाव जबरदस्त होतो पण चालायला दोनाऐवजी एकच फासा टाकायचा. बघ, प्रत्येक खरेदीत काहीतरी सोडावं लागतं, आणि त्या सोडण्यातूनच तुझा ड्वार्फ दुसऱ्याच्या ड्वार्फपेक्षा वेगळा होत जातो. आमच्याकडे एका भाचीने चिलखत घ्यायला साफ नकार दिला कारण तिला आपला ड्वार्फ पळणारा हवा होता, सगळ्यांनी समजावलं, नाही म्हणजे नाही, आणि तिने त्याला तसाच चौदा मोहिमा नेला.

दुसरी गोष्ट म्हणजे केलेलं परत येतं. (इथून पुढे ज्यांना हीरो म्हणून खेळायचंय त्यांनी हा एक परिच्छेद सोडून द्या, मोहिमांमधलं सांगतेय.) तिसऱ्या मोहिमेत तुम्ही उलग नावाच्या, ऑर्क राक्षसांच्या सरदाराला मारता, बक्षीस घेता, विसरून जाता. सहाव्या मोहिमेत डोळे उघडतात ते कैदखान्यात, हत्यारं-चिलखत सगळं काढून घेतलेलं, कारण उलगचा मुलगा ग्राक बापाचा सूड घ्यायला आलाय. पाच मोहिमा खपून जमवलेली कुऱ्हाड कुठल्या तरी दुसऱ्याच खोलीत पडलेली असते आणि तिथवर रिकाम्या हाताने पोचायचं असतं. लेव्हलवाल्या खेळात हे इतकं लागलं नसतं, तिथे ताकद अंगातच असते. इथे मात्र आपण खरोखर किती उघडे आहोत ते कळतं. नंतर बाराव्या मोहिमेत बराक टोर नावाच्या जागी एक असा शत्रू उठतो ज्याच्यावर तुमचं कुठलंच हत्यार चालत नाही, तिथून पळून बाहेर पडायचं, तेराव्यात त्याला मारणारी तलवार शोधायची आणि चौदाव्यात परत जायचं. ज्या बार्बेरियनने अकरा मोहिमा पुढे होऊन दार उघडलं त्याला पाठ फिरवून पळताना बघणं, हे माझ्या मते डेव्हलपमेंटच आहे, कागदावर आकडा नसला तरी.

तुमच्या ग्रुपला आकडेही हवेतच असतील तर ग्लूमहेवन बघा, आयझॅक चिल्ड्रेस यांचा, 2017 चा. त्यात फासेच नाहीत, पत्त्यांच्या गड्डीवर लढाई चालते, लेव्हल आहेत, आणि प्रत्येक पात्राला स्वतःचं एक खाजगी ध्येय असतं. ते पूर्ण झालं की ते पात्र निवृत्त होतं आणि तुम्ही नवं घेता. पण तो डबा अवाढव्य आहे आणि एक मोहीम मांडायलाच बराच वेळ जातो. हॉस्टेलच्या खोलीत कॉटवर मांडायचं असेल तर मी आधी हीरोक्वेस्टच पूर्ण करा म्हणेन.

प्रश्न : आमच्यात मी सगळ्यात मोठा (13) म्हणून मलाच झार्गॉन करतात. सात मोहिमा झाल्या आणि सातही वेळा मी हरलो. मी थोडे जास्त राक्षस ठेवले तर चालेल का? म्हणजे नकाशा फक्त मलाच दिसतो ना. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नाही रे, ते नको करूस. नकाशा तुला एकट्याला दिसतो म्हणून तर बाकीच्यांनी तुझ्यावर विश्वास टाकलाय. एकदा का त्यांना शंका आली की दादा मनाने राक्षस वाढवतो, की मग प्रत्येक दाराशी भांडण होणार. मी तर म्हणते पडद्यामागे फासेसुद्धा टाकू नकोस, सगळ्यांसमोर टाक, तुझं दान चांगलं पडलं तर ते तुलाच शाबासकी देतील.

पण सात वेळा हरतोयस ते बघू. राक्षस फासा न टाकता ठरलेली घरं चालतात, गॉब्लिन 10, ऑर्क 8, झोंबी 5, ममी 4. म्हणजे गॉब्लिन हा पटावरचा सगळ्यात चपळ गडी आहे आणि बहुतेक झार्गॉन त्याला बार्बेरियनसमोर उभा करून वाया घालवतात. त्याला विझर्डकडे पाठव. विझर्ड मागे कुठेतरी एकटा उभा असतो, दहा घरं चालून गॉब्लिन तिथे पोचतो आणि दोन फाशांनी मारतो, विझर्डने मंत्र टाकला तर एका गॉब्लिनवर मंत्र गेला, हाही तुझा फायदाच, कारण प्रत्येक मंत्र मोहिमेत एकदाच चालतो. दुसरं, बहुतेक हत्यारांनी शेजारच्या चार घरांतच मारता येतं, तिरपं नाही. तुझा ऑर्क दारासमोर आतल्या बाजूला उभा राहिला की दारातून एका वेळी एकच हीरो त्याला मारू शकतो आणि बाकी तिघं बोळात रांग लावून थांबतात. ममीला आणि झोंबीला मात्र त्यांच्या मागे पळवू नकोस, पोचतच नाहीत ते.

आणि खजिन्याची गड्डी बघितलीस का नीट? चांगली कार्डं निघाली की बाजूला जातात, पण भटका राक्षस आणि संकटाची कार्डं परत गड्डीत जातात. म्हणजे जसजसं ते जास्त खोल्या धुंडाळतील तसतशी गड्डी वाईट होत जाते. तुला काही करायलाच नको, फक्त दर खोलीत गोड आवाजात विचारायचं, शोधायचंय का अजून? माझा मोठा भाचा हे इतकं छान विचारतो की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, आणि गंमत म्हणजे तो हरला तरी पुढच्या रविवारी सगळे त्यालाच झार्गॉन व्हायला सांगतात.

प्रश्न : वय 71. नातू सुट्टीत येतो तेव्हा हा खेळ घेऊन येतो. आम्ही लहानपणी सारीपाट, सोंगट्या खेळलो. हे राक्षस आणि मंत्र मला नवे नाहीत, पण कार्डावरचं बारीक इंग्रजी वाचवत नाही आणि नातवाला सारखं विचारायला संकोच वाटतो. मी कसा भाग घेऊ? – एक आजोबा, सांगली

आजोबा, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. सारीपाट खेळलेल्या माणसाला यातलं अर्धं आधीच येतं, दान पडेल तसं चालायचं, कुठली सोंगटी पुढे काढायची आणि कुठली जपायची ते आपण ठरवायचं. आणि पटावरून गोष्ट सांगायची सवय तर आपल्याकडे जुनीच आहे, मोक्षपटाचं नाव आपण थेट ज्ञानेश्वरांशी जोडतो, तिथेही शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण, नुसती घरं मोजणं कधीच नव्हतं.

तुम्ही बार्बेरियन घ्या. त्याला मंत्रच नाहीत, म्हणजे मंत्राची कार्डं वाचायचा प्रश्न मिटला. त्याला कळावं लागतं ते इतकंच की दोन लाल फासे टाकून चालायचं आणि तीन फाशांनी मारायचं. आपल्या पाळीत चालणं आणि एक काम, आधी चाला मग काम करा किंवा आधी काम करून मग चाला, मधे तोडायचं नाही. काम म्हणजे मारणं, मंत्र टाकणं, खजिना शोधणं, सापळे शोधणं, चोरदरवाजा शोधणं, सापडलेला सापळा निकामी करणं, इतकंच.

कार्डांसाठी आम्ही एक केलं ते सांगते. वहीच्या जाड कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि प्रत्येक कार्डाचं मराठी मोठ्या अक्षरात लिहून कार्डाच्या मागे न चिकटवता प्लॅस्टिकच्या पाकिटात कार्डासोबत सरकवलं. एका दुपारचं काम आहे, नातवाला सोबत घेऊन बसा, तो अर्थ सांगेल तुम्ही मराठी शब्द सुचवा. आमच्या घरी माझ्या आईने त्या वावटळीच्या मंत्राला 'भोवरा' नाव दिलं आणि आता कुणी मूळ नाव घेतच नाही. आणि अजून एक, मोहिमेच्या सुरुवातीचा मजकूर एकदा समजून घ्या आणि मग तो तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा, झार्गॉन कोणी का असेना. नातवाला तुमच्या आवाजात तो भुयाराचा रस्ता जसा दिसेल तसा वाचून दाखवलेल्या इंग्रजीतून नाही दिसणार.

प्रश्न : आम्ही दोघंच, मुलं नाहीत, रात्री जेवणं झाल्यावर काहीतरी खेळावं वाटतं. दोघांना जमेल का? – एक जोडपं, बंगळुरू

जमेल, आणि छान जमेल. कंपनीचं एक फुकट अॅप आहे, ते झार्गॉनचं काम करतं, तुम्ही दोघं दोन-दोन हीरो घ्या. मी स्वतः समोर माणूस झार्गॉन असलेला पसंत करते कारण अॅपला डोळे वटारता येत नाहीत, पण दोघंच असाल तर एकमेकांविरुद्ध खेळण्यापेक्षा एका बाजूने खेळणं जास्त सुखाचं आहे. एक हीरो विझर्ड आणि एक बार्बेरियन असं एकाकडे, एल्फ आणि ड्वार्फ दुसऱ्याकडे, असं वाटलंत तर दोघांकडेही थोडी ताकद थोडी जादू राहते.

प्रश्न : माझी एल्फ नवव्या मोहिमेत मेली. मी तिला नाव पण दिलं होतं. दादा म्हणतो नियम म्हणजे नियम, नवी एल्फ घे. पप्पा म्हणतात जाऊ दे, जिवंत कर. मला दोन्ही नको वाटतंय. काय करू? – इयत्ता सहावी, रत्नागिरी

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आठ मोहिमा सोबत चालली ती, वाईट वाटणारच गं.

नियम काय सांगतो ते आधी बघू. हीरो मेला की नवा कोरा कागद घेऊन नवा हीरो सुरू करायचा, सुरुवातीच्या हत्यारांसह, सोनं शून्य. पण मेलेल्या हीरोच्या खोलीत दुसरा हीरो असेल तर तो तिच्या वस्तू उचलू शकतो, नसेल तर राक्षस घेऊन जातात. तू लिहिलं नाहीस की तुझ्या एल्फजवळ कोण होतं. कुणी असेल तर तिच्या वस्तू त्याच्याकडे आहेत, आणि मग तुझी नवी एल्फ आली की त्याने त्या तिच्या हातात द्याव्यात असं मी सुचवेन, आमच्याकडे तसंच करतात, मोहीम सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर.

पप्पांचं प्रेम कळतंय, पण जिवंत नको करूस. एकदा केलं की पुढच्या वेळी दादाचा बार्बेरियन मेला की तोही मागणार, आणि मग दार उघडताना छातीत जे धडधडतं ना ते बंद होईल. माझ्या भाच्याचा विझर्ड असाच गेला, अकराव्या मोहिमेत, तेव्हा त्याचा ड्वार्फवाला धाकटा भाऊ स्वतःचे दोनच जीव उरलेले असताना दारातून परत आत शिरला, का तर विझर्डचं सामान राक्षसांना मिळू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. बाहेर आला तेव्हा एक जीव शिल्लक होता, आणि त्या दिवसापासून दोघं भाऊ पटावरून एकदाही भांडलेले मी पाहिले नाहीत.

तुझ्या एल्फच्या जुन्या कागदावर ती कुठल्या मोहिमेत गेली, कुणी मारलं, शेवटचा मंत्र कुठला टाकला ते लिही. कागद फेकू नकोस, डब्यात तळाशी ठेव. नव्या एल्फला वेगळं नाव दे, आणि तिला मंत्रांचा वेगळा गट घेऊन बघ, आधी पाणी घेत असशील तर या वेळी वारा घे. त्यात एक जिनी आहे, तो पाच फाशांनी मारतो. अजून पाच मोहिमा उरल्यात तुमच्या, शेवटच्या तीन तर एकाच गोष्टीच्या आहेत, त्यात दादाला तुझी गरज लागणार आहे. नवीचं नाव काय ठेवलंस ते मला नक्की कळव.